पार्किंगच्या नोटिशीवरून थेट सीसीजे: इंग्लंडमधल्या अपंग चालकांनी काय करायचं

सुपरमार्केटच्या पार्किंगला दोन तासांची मर्यादा असते आणि तुम्हाला अडीच लागतात. व्हीलचेअर काढायची, जोडायची, परत गाडीत घालायची, यातच अर्धा तास जातो. ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) काचेवर असतो, त्यामुळे मनात शंकाही येत नाही. पार्किंग कंपनीची पैशांची नोटीस जुन्या भाड्याच्या घरी जाते, नंतर दाव्याचे कागदही तिथेच जातात. वर्षभराने मॉर्गेजचा अर्ज फेटाळला गेला की कळतं, आपल्या नावावर कौंटी कोर्टाचा निकाल आहे. त्यालाच सगळे सीसीजे म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडचं शहाणपण इथे उपयोगाचं नाही, कारण कोर्ट तुमच्या गैरहजेरीत निकाल देऊन मोकळं झालेलं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. इथे भांडणं दोन आहेत. निकाल रद्द करून घेणं हे पहिलं आणि पार्किंगचे पैसे मागणंच चुकीचं होतं हे दुसरं. पहिल्यात कोर्ट विचारतं की तुम्ही वेळेवर उत्तर का दिलं नाही, कळल्यावर किती लवकर आलात आणि दाव्यात लढण्यासारखं काही आहे का. बरेच जण अर्जाची चार पानं कंपनी किती निर्दयी आहे यावर खर्च करतात आणि तारखांवर एक ओळही लिहीत नाहीत. राग रास्त असतो, अर्ज मात्र पडतो.

पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची कोर्टं आणि नियम वेगळे आहेत.

हातातला कागद कसला आहे?

कौन्सिलचा दंड आणि खाजगी कंपनीची मागणी दोन्ही पिवळ्या पाकिटात येतात, दोन्हींना लोक ‘पीसीएन’च (पेनल्टी किंवा पार्किंग चार्ज नोटीस) म्हणतात, पण दोघांचे रस्ते वेगळे. पत्रावर कौन्सिलचं नाव असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे लंडन ट्रायब्युनल्स किंवा ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलचा मार्ग असतो आणि सीसीजे नोंदवला जात नाही. खाजगी कंपनीची मागणी हा दंड नसून करारभंगाबद्दल मागितलेली रक्कम असते.

वसुली एजन्सीची लाल अक्षरातली पत्रंही निकाल नव्हेत. ‘बेलिफ पाठवू’, म्हणजे जप्तीला माणूस पाठवू, असा सूर त्यात असतो, पण कोर्टाचा निकाल असल्याशिवाय खाजगी पार्किंग कंपनीला बेलिफ पाठवता येत नाही. खऱ्या निकालावर कोर्टाचं नाव, दावा क्रमांक, निकालाची तारीख आणि रक्कम असते. अशा दाव्यांचे बहुतेक कागद नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून निघतात. क्रेडिट रिपोर्टवर फक्त नोंद दिसत असेल तर ट्रस्ट ऑनलाइनच्या वेबसाइटवर थोडे पैसे भरून निकालांच्या नोंदवहीतला तपशील काढा. त्यात दावा क्रमांक मिळतो.

मग निकाल कसा लागला ते पाहा, कारण पुढची वाट त्यावर ठरते. तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही आणि एकतर्फी निकाल झाला, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे. तुम्ही उत्तर दिलं होतं पण सुनावणीला गेला नाहीत, तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांत, निकालाची सूचना मिळाल्यापासून १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. गैरहजेरीचं सबळ कारण आणि जिंकण्याची वाजवी शक्यता, दोन्ही दाखवावं लागतं. आजारपण हे कारण चालतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्या दिवशी हजर राहणं का शक्य नव्हतं ते लिहिलेलं हवं. तुम्ही हजर होतात आणि हरलात, तर मग अपील. त्यासाठी एन-१६४ फॉर्म, साधारण २१ दिवसांची मुदत आणि आधी अपिलाची परवानगी. न्यायाधीशाने कायदा चुकीचा लावला असं दाखवता येत नसेल, नुसतं ‘माझं ऐकलं नाही’ एवढंच असेल, तर अपिलाच्या नादी लागू नका.

भरून मोकळं व्हायचं का?

हा प्रश्न पुष्कळांना अपमानास्पद वाटतो, पण विचार करायलाच हवा. निकालाच्या तारखेपासून एका कॅलेंडर महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंदवहीतली नोंद पुसली जाते. महिना उलटून गेल्यावर भरली तर ‘फेडलं’ अशी खूण होते, पण नोंद सहा वर्षं तशीच राहते. म्हणजे निकाल पंधरा दिवसांपूर्वीचा आहे, घर घेण्याची घाई आहे आणि बाजू फारशी भक्कम नाही, अशा वेळी भरून टाकणं हा व्यवहार आहे, शरणागती नव्हे. महिना उलटला असेल तर नुसतं भरून क्रेडिट सुधारत नाही. तेव्हा निकाल रद्द करून घेणं हाच उपाय.

नव्याने आलेल्यांना व्हिसाची धास्ती वाटते. सीसीजे ही दिवाणी बाब आहे, गुन्हा नाही. मात्र ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात कोर्टाचा आदेश झालेले दिवाणी निकाल सांगावे लागतात. तिथे ते दडवू नका. मूळ निकालापेक्षा दडवणं महागात पडतं.

कागद जमवा, आणि तेही पटापट

ज्या दिवशी कळलं तो दिवस कुठेतरी नोंदवून ठेवा. बँकेच्या ईमेलचा किंवा क्रेडिट रिपोर्टचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढा. अर्ज ‘तत्परतेने’ केला का, हे कोर्टाला पाहावंच लागतं. दोन-तीन आठवड्यांत अर्ज गेला तर कोणी भुवया उंचावत नाही. चार महिने लागले तर त्या महिन्यांचा हिशेब द्यावा लागतो.

बिझनेस सेंटरला दावा क्रमांक देऊन दाव्याच्या कागदांची प्रत मागा. कागद कुठल्या पत्त्यावर गेले ते त्यात दिसतं. पार्किंग कंपनीला तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागणारं पत्र पाठवा, म्हणजे इथल्या भाषेत ‘एसएआर’. त्यांना साधारण एका महिन्यात फोटो, कॅमेऱ्याच्या वेळा, पाठवलेली सगळी पत्रं आणि तुमच्या तक्रारींच्या नोंदी द्याव्या लागतात. त्यासाठी अर्ज मात्र थांबवून ठेवू नका. माहिती नंतर आली तर पुरवणी जोडता येते.

पत्त्याचे पुरावे लागतील: दोन्ही घरांचे भाडेकरार, कौन्सिल टॅक्सची बिलं, डीव्हीएलएकडे (लायसन्स आणि वाहन नोंदणीचं खातं) पत्ता कधी बदलला त्याची नोंद. इथे आपल्या मंडळींची हमखास एक गफलत होते. लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि गाडीच्या व्ही-५-सी, म्हणजे नोंदणीपत्रावरचा तसाच राहतो. या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि कंपनी मालकाचा पत्ता गाडीच्या नोंदीवरून उचलते. हाउन्स्लोहून स्लाव, तिथून रीडिंग, असं दर वर्षी बिऱ्हाड हलवणाऱ्यांचे कागद म्हणूनच मागे राहून जातात.

अपंगत्वाचे पुरावे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पिपचं (अपंगत्व भत्त्याचं) पत्र, ब्लू बॅजची दोन्ही बाजूंची प्रत, जीपीचं किंवा हॉस्पिटलचं पत्र. सगळी मेडिकल फाइल देऊ नका. चालायला, उभं राहायला, बोटांनी बटणं दाबायला किंवा वेळेचं भान ठेवायला काय अडचण येते, हे सांगणारी दोन पानं पुरतात.

समोरच्या वकिलांना एक पत्र

अर्ज करण्याआधी कंपनीच्या वकिलांना लिहा: निकाल रद्द करायला संमती देता का? संमती मिळाली तर अर्जाची फी बरीच कमी पडते. मे २०२४च्या दरपत्रकात संमतीचा अर्ज ११९ पाउंड आणि सुनावणीचा ३०३ पाउंड होता. भरण्याआधी ‘ईएक्स-५०’ या पत्रकात चालू दर पाहून घ्या. उत्तराला सात दिवस द्या, जास्त नको. ‘आधी सगळे पैसे भरा, मग संमती देऊ’ असं उत्तर येण्याची शक्यता बरीच असते. लढायचंच असेल तर हे मान्य करण्यात अर्थ नाही. शिवाय केवळ क्रेडिट रेकॉर्ड धुऊन काढण्यासाठी केलेली संमती न्यायाधीशांना रुचत नाही.

या पत्राचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. आपल्याला अपंगत्व आहे आणि त्यामुळेच जास्त वेळ लागला, हे त्यात साध्या शब्दांत लिहा. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ ही सबब त्यानंतर त्यांना चालत नाही.

उत्पन्न आणि बचत कमी असेल तर ‘ईएक्स-१६०’ भरून किंवा ऑनलाइन अर्ज करून फी माफ अथवा कमी होते. पिप मिळते म्हणून माफी मिळत नाही. तिथे उत्पन्न पाहतात.

एन-२४४ आणि सोबतचं निवेदन

निकाल रद्द करण्याचा अर्ज एन-२४४ या फॉर्मवर करतात. तो चार-पाच पानांचा आहे आणि दिसतो तितका अवघड नाही. कोणता आदेश हवा, या रकान्यात लांबण लावू नका: ‘अमुक तारखेचा एकतर्फी निकाल सीपीआर १३.२ खाली, किंवा पर्यायाने १३.३ खाली रद्द करावा; अपंगत्वामुळे प्रतिवादीला खरा बचाव आहे; कागद प्रतिवादी राहत नसलेल्या पत्त्यावर गेले होते.’ बेलिफचं पत्र आलं असेल तर सुनावणीपर्यंत वसुली थांबवावी, हीही मागणी घाला.

सीपीआर म्हणजे दिवाणी कोर्टाच्या कामकाजाचे नियम. त्यातले हे दोन समजून घ्या. १३.२ लागू झाला तर कोर्टाला निकाल रद्द करावाच लागतो. उदाहरणार्थ, उत्तराची मुदत संपण्याआधीच निकाल घेतला, किंवा कागदांची बजावणीच कायदेशीर नव्हती. १३.३ मध्ये कोर्टाची मर्जी असते आणि तिथे यशाची खरी शक्यता किंवा दुसरं चांगलं कारण दाखवावं लागतं. जुन्या पत्त्यावर गेलेले कागद बेकायदेशीरच ठरतात असं मात्र नाही. ‘शेवटचा माहीत असलेला पत्ता’ कायद्याला चालतो. पण तुम्ही तिथे राहत नाही असं मानायला कंपनीकडे कारण असेल, म्हणजे पत्रं परत आली होती किंवा तुम्ही नवा पत्ता कळवला होता, तर नवा पत्ता शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एसएआरमधून निघालेलं, ‘येथे राहत नाही’ असा शेरा मारून परत आलेलं एखादं पाकीट सोन्याच्या मोलाचं असतं. दोन्ही नियमांचा आधार घ्या. एक निसटला तर दुसरा हाताशी राहतो.

फॉर्मच्या शेवटाकडे तुम्ही ‘व्हल्नरेबल’ आहात का, असा प्रश्न असतो. संकोचाने तो रिकामा सोडू नका. फोनवर किंवा व्हिडिओवर सुनावणी, मध्ये विश्रांती, लिफ्ट असलेली खोली, मोठ्या अक्षरातले कागद, जे लागेल ते तिथेच मागा.

मुख्य वजन लेखी निवेदनाचं. परिच्छेदांना क्रमांक, घटना तारीखवार, आणि प्रत्येक विधानासमोर पुरावा क्रमांक. इंग्रजीत लिहायचं असतं, पण घाट असा:

‘३. मी जून २०२३ मध्ये या घरातून बाहेर पडलो (पुरावा १, भाडेकरार). दाव्याचे कागद नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच घरी पाठवले गेले (पुरावा २). ४. निकाल मला ४ मार्च रोजी क्रेडिट रिपोर्टवरून कळला (पुरावा ३). ५ मार्चला मी कोर्टाकडे कागद मागितले, ते ११ ला मिळाले, १२ ला वादीच्या वकिलांना लिहिलं. त्यांनी १९ ला नकार दिला. हा अर्ज मी २१ ला करत आहे.’

कंटाळवाणं वाटतं ना? न्यायाधीशांना असंच आवडतं. त्यानंतर पार्किंगच्या दिवसाची हकिगत. इथे मिनिटांत लिहा. कॅमेरा गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतो, गाडी उभी असलेला वेळ नव्हे. रुंद जागा रिकामी होईपर्यंत किती थांबलात, रॅम्प उघडायला किती लागला, पैशांचं मशीन किती उंचीवर होतं, थरथरत्या बोटांनी गाडीचा नंबर कितीदा चुकला, परत येताना मध्ये कुठे बसावं लागलं. शेवटी सत्यतेचं ठरावीक वाक्य, सही आणि तारीख. खोटं लिहिल्यास कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, असं त्या वाक्यातच म्हटलेलं असतं.

गाडीत आई होती आणि तिला फक्त मराठी येतं, अशी वेळ आपल्याकडे नेहमीची. तिची साक्ष उपयोगी असेल तर तुम्हीच इंग्रजीत लिहून तिची सही घेऊ नका. साक्षीदाराचं निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत तयार करावं असा नियम आहे. मूळ मराठी निवेदन, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर अचूक असल्याची भाषांतरकाराची सही, असं तिन्ही द्या.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, काय लिहायचं

‘ब्लू बॅज होता, म्हणून पैसे लागू नाहीत’ हे चालत नाही. बॅजच्या सवलती रस्त्यावरच्या, कौन्सिलच्या पार्किंगसाठी आहेत. खाजगी जागेत त्या आपोआप लागू होत नाहीत. ‘खाजगी दंड बेकायदेशीरच असतात’ हेही विसरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात चेम्सफर्डच्या पार्किंगमधले ८५ पाउंड उचलून धरले. कंपनीचे वकील हा निवाडा जोडतातच. तुमचं उत्तर एवढंच की तिथे अपंगत्वाचा प्रश्न कोर्टापुढे नव्हता.

तुमचा खरा आधार इक्वॅलिटी ॲक्ट २०१०. जनतेला सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तींसाठी वाजवी फेरबदल करायला हवेत, आणि तेही कोणी मागण्याची वाट न पाहता, आधीच विचार करून. सरसकट दोन तासांचा नियम ज्याला चालायलाच दुप्पट वेळ लागतो त्याला जास्त जाचतो, तर मर्यादा शिथिल करणं हा अगदी स्वस्तातला फेरबदल आहे. कलम १५ अपंगत्वातून उद्भवलेल्या गोष्टीवरून दिलेल्या वाईट वागणुकीबद्दल आहे. वागणूक उचित उद्दिष्टासाठी आणि प्रमाणात होती हे कंपनीने दाखवायचं. आणि कलम १४२: कराराची जी अट कायद्याने निषिद्ध वागणूक घडवून आणते, ती तेवढ्यापुरती लागू करता येत नाही. ‘त्या किंवा अन्य व्यक्तीला’ अशी त्याची व्याप्ती असल्याने तुम्ही धडधाकट आणि अपंग प्रवासी शेजारी, अशा वेळीही ते मांडता येतं.

बॅज नसला तरी बिघडत नाही. दैनंदिन कामांवर ठळक परिणाम करणारी आणि १२ महिने टिकलेली किंवा टिकण्याचा संभव असलेली व्याधी असली की कायद्याची व्याख्या पुरी होते. औषधांनी त्रास आटोक्यात असेल, तर औषध नसतं तेव्हाचा विचार होतो. कॅन्सर आणि एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) निदानापासूनच धरले जातात.

याच्या जोडीला नेहमीचे मुद्दे. चालक कोण हे कंपनीला माहीत नसेल आणि ती मालकाकडून पैसे मागत असेल, तर प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टाचे नियम तिने पाळलेले हवेत. काचेवर नोटीस लावली नव्हती तर मालकाला नोटीस १४ दिवसांत पोचायला हवी. पाटीवरची अक्षरं व्हीलचेअरवरून वाचता येत होती का? मूळ रकमेवर वसुलीच्या नावाने चढवलेले ७० पाउंड कशाचे? पण दहा मुद्दे पसरू नका. अपंगत्वाचा मुद्दा पुढे ठेवा, बाकीचे दोन-तीन मागे.

भरपाईसाठी प्रतिदावा करण्याचा मोह होतो. भेदभावाच्या दाव्याला घटनेपासून सहा महिन्यांची मुदत असते, फी वेगळी आणि गुंतागुंतही वाढते. इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस, डिसॅबिलिटी लॉ सर्व्हिस किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसशी बोलल्याशिवाय त्यात पडू नका. आणि ज्या दुकानात गेला होता त्याच्या मॅनेजरला पावतीसह एक पत्र जरूर टाका. कंपनीला नेमणारेच ‘सोडून द्या’ म्हणाले तर भांडण तिथेच मिटतं.

सुनावणी

अर्ज, निवेदन, पुरावे, आदेशाचा मसुदा आणि कैफियतीचा मसुदा एकत्र पाठवा. आदेशाच्या मसुद्यात चारच ओळी पुरेत: निकाल रद्द, वसुली थांबवावी, कैफियत १४ दिवसांत, अर्जाचा खर्च वादीने द्यावा. निश्चित रकमेच्या दाव्यात प्रतिवादी व्यक्ती असेल तर प्रकरण तिच्या जवळच्या कोर्टात जातं, त्यामुळे नॉर्थॅम्प्टन गाठावं लागत नाही.

समोर डिस्ट्रिक्ट जज असतात. त्यांना ‘जज’ म्हणायचं, ‘माय लॉर्ड’ नको. अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. पहिला प्रश्न बहुधा ‘तुम्हाला कधी कळलं?’ हाच, आणि उत्तर निवेदनातल्या तारखेशी जुळायला हवं. कंपनीचा वकील ‘व्ही-५-सी बदलला नाही, ही चूक यांचीच’ म्हणेल. खरं असेल तर कबूल करा आणि लगेच पुढे जा: कळल्यावर अमुक दिवसांत आलो, आणि बचाव खरा आहे. फी परत मिळेलच असं धरू नका. चूक त्यांची ठरली तर मिळण्याची आशा जास्त, नाहीतर खर्चाचा प्रश्न बहुधा शेवटावर ढकलला जातो.

निकाल रद्द झाला म्हणजे दावा संपला असं नाही. आदेशात दिलेल्या तारखेला कैफियत दाखल केली नाही तर पुन्हा एकतर्फी निकाल होईल, आणि दुसऱ्यांदा दया कमी. त्यानंतर दावा स्मॉल क्लेम्सकडे आणि बहुतेक वेळा आधी फोनवरच्या मोफत मध्यस्थीला जातो. मध्यस्थीत शून्य पाउंड हाही प्रस्ताव देता येतो.

आदेश हातात आल्यावर काही आठवड्यांनी ट्रस्ट ऑनलाइन आणि क्रेडिट एजन्सीकडची नोंद पुसली गेली का ते पाहा. राहिली असेल तर आदेशाची प्रत पाठवा. आणि व्ही-५-सी वरचा पत्ता आजच बदला. ऑनलाइन होतं, फुकट आहे.